गेला माल किती किमतीचा? चोरीच्या खटल्यात मालाची किंमत शाबीत करण्याची रीत

चोरीच्या खटल्यात सगळ्यांचा जीव एकाच प्रश्नात अडकलेला असतो: चोरी याच आरोपीने केली का? मालाच्या किमतीकडे कुणी फारसे बघत नाही. फिर्यादीत ‘अंदाजे’ म्हणून जो आकडा पडतो, तोच दोषारोपपत्रात उतरतो आणि तोच साक्षीच्या पिंजऱ्यातही सांगितला जातो. मग उलटतपासात एक साधा प्रश्न येतो, “हा आकडा तुम्ही कशावरून सांगता?” त्यावर फिर्यादी सरकारी वकिलांकडे बघतो आणि सरकारी वकील कागदांकडे.

भारतीय दंड संहितेच्या काळात ही ढिलाई बऱ्याचदा खपून जायची, कारण कलम ३७९ च्या शिक्षेत किमतीला स्थान नव्हते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हिशेब बदलला. गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, खटला कोणत्या पद्धतीने चालणार, शिक्षा तुरुंगाची की समाजसेवेची, या सगळ्याला आता किमतीचा काटा लागतो. फिर्यादी, तपासी अंमलदार आणि नव्याने वकिली करणारे अशा तिघांनाही उपयोगी पडेल असा हा मार्ग पायरीपायरीने मांडला आहे.

आधी बघा, तुमच्या प्रकरणात किंमत लागते का

प्रत्येक चोरीत किमतीसाठी जिवाचे रान करण्याची गरज नसते. म्हणून पहिले काम कलम नक्की करण्याचे.

साधी चोरी म्हणजे न्याय संहितेचे कलम ३०३(२). शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुन्हा दोषी ठरला तर किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आणि दंड. या कलमाच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, ५,००० रुपयांची रेघ आहे. मालाची किंमत ५,००० पेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. तिन्ही अटी एकत्र जुळाव्या लागतात. शब्द ‘पेक्षा कमी’ असे आहेत. माल बरोबर ५,००० रुपयांचा ठरला तर परंतुक लागू होत नाही.

याच रेघेचा दुसरा परिणाम पोलीस ठाण्याच्या दारातच जाणवतो. तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे ५,००० पेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे कलम १७४ खाली नोंद होते, ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. ठाणे अंमलदाराने “जुना मोबाईल आहे, चारेक हजारांचा असेल” म्हणत एनसी फाडली, तर पुढचा सगळा मार्ग तिथेच आखला जातो. अशा वेळी किमतीचा कागद खिशात असलेला बरा.

दुसरी रेघ २०,००० रुपयांची, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८३ मधली. न्याय संहितेच्या कलम ३०३(२), ३०५ किंवा ३०६ खालच्या चोरीत माल २०,००० रुपयांहून जास्त किमतीचा नसेल, तर खटला संक्षिप्त, म्हणजे थोडक्यात उरकण्याच्या, पद्धतीने चालतो. चोरीचा माल घेणे किंवा लपवायला मदत करणे, म्हणजे कलम ३१७(२) आणि ३१७(५), यांनाही तीच मर्यादा आहे. इथे बरोबर २०,००० हा आकडा मर्यादेच्या आत मोडतो. संक्षिप्त खटल्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८५ प्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे खरी, पण माल १८,००० चा ठरला आणि खटला संक्षिप्त चालला, तर ती सात वर्षे कागदावरच राहतात. प्रकरण संक्षिप्त चालवणे योग्य नाही असे दिसले तर दंडाधिकारी ते नियमित पद्धतीने चालवू शकतात, पण त्यासाठी तसे कारण त्यांच्यासमोर आणावे लागते.

आता किंमत कुठे लागत नाही तेही पाहू. राहत्या घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून झालेली चोरी, एसटी किंवा रेल्वेतून उचललेली बॅग, देवळातली मूर्ती, सरकारी मालमत्ता हे सगळे कलम ३०५ मध्ये येते. तिथे ५,००० चे परंतुक नाही. एसटीत चाललेल्या बाईच्या पर्समधून दोन हजार गेले म्हणून एनसी करणे चूक आहे. नोकराने मालकाकडे केलेली चोरी (कलम ३०६), हिसकावून नेणे (कलम ३०४), जबरी चोरी आणि दरोडा यांतही रक्कम छोटी आहे म्हणून गुन्हा अदखलपात्र होत नाही.

१ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या चोरीला शिक्षेसाठी जुनी दंड संहिताच लागते. तिथे ५,००० ची सवलत मागणाऱ्याला आणि नाकारणाऱ्याला, दोघांनाही आधी घटनेची तारीख बघावी लागते.

कोणती किंमत? खरेदीची, आजची की चोरीच्या दिवशीची?

चोरीच्या मालाची ‘किंमत’ म्हणजे काय, याची व्याख्या संहितेत नाही. व्यवहारात धरायची ती चोरीच्या दिवशी, त्या भागातल्या बाजारात, त्या वस्तूला त्या अवस्थेत मिळाली असती ती किंमत. या वाक्यातला प्रत्येक शब्द मोजूनमापून घ्या.

चोरीचा दिवस, म्हणजे खरेदीचा नाही आणि जप्तीचाही नाही. सोन्याच्या बाबतीत ही चूक सर्रास होते. चोरी मार्चमधली, जप्ती सप्टेंबरमधली आणि सराफाने दर लावला सप्टेंबरचा. भाव मधल्या काळात चढलेला असतो, त्यामुळे जप्त माल गेलेल्या मालापेक्षा महाग दिसतो आणि बचावाला आयता मुद्दा मिळतो.

अवस्था म्हणजे वस्तू नवी, वापरलेली, दुरुस्त केलेली की मोडकी. खरेदीची पावती वस्तूची मालकी आणि ओळख पक्की करते. किमतीच्या बाबतीत ती फक्त सुरुवात असते. दोन महिन्यांपूर्वीच्या पावतीला बरेच वजन मिळते, पाच वर्षांपूर्वीच्या पावतीला थोडेच.

भावनिक किंमत धरली जात नाही. आजीची नथ घरच्यांसाठी अनमोल असते. न्यायालयात तिचे सोने, मोती आणि घडण मोजतात.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. ५,००० आणि २०,००० च्या रेघा गेलेल्या मालाला लागतात, मिळालेल्या मालाला नाही. पोलिसांच्या कागदात ‘गेला माल’ आणि ‘मिळाला माल’ हे वेगळे लिहिलेले असतात ते उगाच नाही. ६०,००० चा माल गेला आणि ४,५०० चा हाती लागला, तर चोरी ६०,००० चीच राहते. मात्र तो माल विकत घेणाऱ्यावर कलम ३१७ लावायचे असेल, तर त्याच्याकडे जितका माल आला तितक्याचीच किंमत धरायची.

एका चोरीत चार वस्तू गेल्या तर बेरीज करायची. आरोपी तीन असले तरी किमतीचे तीन भाग पाडायचे नाहीत. वेगवेगळ्या दिवशी झालेल्या वेगवेगळ्या चोऱ्यांची रक्कम मात्र एकत्र करून रेघ ओलांडता येत नाही. तो प्रत्येक वेळचा स्वतंत्र गुन्हा. अपहार आणि विश्वासघात यांत निराळी सोय आहे. तिथे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३५(२) प्रमाणे एका वर्षाच्या आतली एकूण रक्कम एकाच आरोपात मांडता येते. दुकानातला कारकून रोज थोडेथोडे उचलत असेल तर कलम चोरीचे लावायचे की विश्वासघाताचे, हे ठरवताना हा फरक डोक्यात ठेवा.

पहिली पायरी: फिर्याद

किंमत हरायची असेल तर ती बहुतेक वेळा इथेच हरते. फिर्यादीतली ही ओळ रोजच्या बघण्यातली आहे:

“५ तोळ्यांचे सोन्याचे दागिने, किंमत अंदाजे ३ लाख.”

यात काय राहिले? दागिने कोणते, किती, किती कॅरेटचे, हे काहीच नाही. शिवाय तोळा कोणता? जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारात आज बोलतात तो १० ग्रॅमचा. पाच तोळ्यांत हा फरक आठ ग्रॅमच्या वर जातो. जप्तीत ५० ग्रॅम मिळाले की “उरलेले आठ ग्रॅम कुठे गेले?” हा प्रश्न ठरलेला. त्यापेक्षा असे लिहा:

“सोन्याचे मंगळसूत्र, दोन वाट्या, काळे मणी ओवलेले, २२ कॅरेट, एकूण वजन २४.३५० ग्रॅम, मणी व दोरा वगळून निव्वळ वजन २१.२०० ग्रॅम, अमुक साली खरेदी, पावती माझ्याकडे आहे. किंमत त्या पावतीवरील वजन आणि चोरीच्या दिवशीचा २२ कॅरेटचा दर यांवरून सांगत आहे.”

शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. आकडा कुठून आला हे फिर्यादीतच आले, की पुढे साक्षीत सांगायला तोच दोर हाताशी राहतो.

नेमके वजन आठवत नसेल तर ठोकून देऊ नका. “पावती सापडल्यावर वजन सांगेन” असे लिहून घ्या आणि मग पुरवणी जबाब द्या. पुरवणी जबाब लवकर द्यावा आणि उशीर का झाला तेही त्यात यावे. दोन महिन्यांनी आलेल्या आणि गेल्या मालाची यादी दुप्पट करणाऱ्या पुरवणी जबाबावर कुणी विश्वास ठेवत नाही. विम्यासाठी फुगवलेले आकडे तर हमखास अंगाशी येतात, कारण बचाव पक्ष विम्याचा दावा मागवू शकतो. फिर्यादीत दीड लाख आणि दाव्यात अडीच लाख असे निघाले, की खरा भागही संशयात सापडतो.

प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती घरी नेऊन आकडे शांतपणे वाचा. टंकलेखनात १२,५०० चे १,२५,०० झालेले असते.

दुसरी पायरी: जप्ती आणि वजन

आरोपीने माल काढून दिला, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खालचा निवेदन पंचनामा (माल कुठे आहे हे आरोपीने सांगितल्याची पंचांसमोरची नोंद) झाला, माल हाती आला. आता किंमत ठरते ती वजनकाट्यावर. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करायचे असते. त्या चित्रणात काट्यावरचा आकडा स्पष्ट दिसू द्या. पंचांचे चेहरे दोन मिनिटे आणि काटा दोन सेकंद, असे चित्रण किमतीच्या कामाचे नाही.

सराफाला बोलावले असेल तर पंचनाम्यात इतके तरी हवे: काट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का आहे का, एकूण वजन, खडे, मणी, लाख, दोरा वगळून निव्वळ वजन, शुद्धता कशी तपासली, कसोटीवर कस लावून की यंत्रावर, कोणत्या तारखेचा दर लावला. ‘पिवळ्या धातूची साखळी’ एवढेच लिहिले तर ते सोने आहे हे पुढे शाबीत करावे लागेल. ‘सोन्याची साखळी’ असे न तपासता लिहिले तर “तुम्हाला कसे कळले?” हा प्रश्न येईल. वर्णन पिवळ्या धातूचे करा आणि लगेच पुढे सराफाने तपासून काय सांगितले ते लिहा. दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

सराफालाच पंच करू नका. पंच म्हणून त्याने जे पाहिले आणि जाणकार म्हणून त्याने जे मत दिले, या दोन वेगळ्या साक्षी आहेत. एकाच माणसावर दोन्ही लादल्या की एक हमखास कच्ची राहते. आणि सराफाचा दाखला जोडून त्याचे नाव साक्षीदारांच्या यादीत न घालणे ही तर नेहमीचीच चूक. सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मुळे त्याच्या साक्षीशिवाय वाचता येतो. खासगी सराफाला ती सवलत नाही. तो पिंजऱ्यात आला नाही, तर दाखला नुसता कागद राहतो.

सोने जरा तपशिलाने

वरच्याच मंगळसूत्राचा हिशेब करून पाहू. समजा चोरीच्या दिवशी २२ कॅरेटचा दर ग्रॅमला ६,५०० रुपये होता. निव्वळ २१.२०० ग्रॅमचे १,३७,८०० रुपये होतात. एकूण वजनावर दर लावला तर १,५८,२७५. काळ्या मण्यांना सोन्याचा भाव लावल्यामुळे २०,४७५ रुपयांचा फुगवटा आला. इथे कोणतीच रेघ ओलांडली जात नाही, पण साक्षीदाराची विश्वासार्हता जाते, आणि तिची भरपाई कशानेच होत नाही.

घडणावळ धरायची का? नवा, अखंड दागिना दुकानातून चोरीला गेला तर दुकानदाराचा विक्रीभाव घडणावळीसह सांगता येतो. वापरलेला दागिना मोडीत निघाला तर घडणावळ मिळत नाही आणि सराफ घटही कापतो. म्हणून सावध तज्ज्ञ सोन्याची किंमत आणि घडणावळ असे दोन आकडे वेगळे देतो. रेघेच्या जवळच्या प्रकरणात सोन्याचा आकडा एकट्यानेच रेघ ओलांडत असेल तर घडणावळीचा वाद कशाला ओढवून घ्यायचा?

हॉलमार्कवर ९१६ असेल तर २२ कॅरेट, ७५० असेल तर १८. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असला तर सोन्याहून पिवळे. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तपासता येतो आणि पावतीवरच्या दागिन्याशी जप्त दागिना जोडता येतो. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी आहे, त्यामुळे अलीकडच्या दागिन्यांत हा आधार बहुधा मिळतो. जुन्या दागिन्यांत कस लावणे हाच मार्ग.

माल वितळवून लगड केली असेल तर दोन प्रश्न वेगळे करा. लगडीची किंमत वजन आणि शुद्धतेवरून निघते. ती लगड याच दागिन्यांची, हे मात्र वजनावरून शाबीत होत नाही. त्यासाठी वितळवणाऱ्याची साक्ष आणि त्याची वही लागते. गेल्या मालाची किंमत त्या परिस्थितीत फिर्यादीच्या पावत्यांवरूनच सांगायची.

मोबाईल, वाहन, जनावर, शेतमाल

५,००० च्या रेघेवर सर्वांत जास्त भांडणे मोबाईलचीच होतात. समजा, १५,००० ला घेतलेला फोन २६ महिन्यांनी खिशातून गेला. त्या दिवशी तो साडेचार हजारांचा की साडेपाच? पावती उत्तर देत नाही. त्याच मॉडेलचा, त्याच साठवण क्षमतेचा जुना फोन त्या महिन्यात ज्या दुकानदाराने विकला त्याची साक्ष आणि विक्रीची पावती उत्तर देते. फोनची अवस्था फिर्यादीतच लिहा: काच फुटलेली होती का, बॅटरी बदलली होती का, चार्जर आणि डबा घरी आहे का. आयएमईआय क्रमांक १५ अंकी असतो, डब्यावर आणि पावतीवर मिळतो, तो ओळखीसाठी. ‘संचार साथी’च्या सीईआयआर सुविधेवर फोन बंद करण्याची नोंद केली असेल तर तिची प्रतही जोडा. ऑनलाइन जाहिरातींचे स्क्रीनशॉट एकटे पुरत नाहीत. जाहिरातीत सांगितलेला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नाही.

वाहनाला विमा पॉलिसी हाताशी असते. तिच्यातले विमाकृत घोषित मूल्य, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात, ते ठरलेल्या घसाऱ्यावर काढलेले असते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट. त्यानंतरचा आकडा विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, म्हणून जुन्या दुचाकीचा आयडीव्ही थोडा हलका आधार समजावा. वाहनाच्या किमतीचा वाद २०,००० च्या आसपास असेल तेव्हाच मेकॅनिक किंवा जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला साक्षीला बोलवा. एरवी आयडीव्ही आणि नोंदणीपत्र पुरते.

जनावराच्या बाबतीत जात, वय, वेत, दूध आणि गाभण आहे का, यावर भाव ठरतो. कानातल्या १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक घ्या. पशुवैद्यकीय अधिकारी वय आणि प्रकृती सांगेल, भाव मात्र जनावरांच्या बाजारात रोज व्यवहार करणारा सांगेल. ज्याला जे माहीत तेच त्याच्याकडून घ्यावे.

शेतमालाला बाजार समितीचा दर आहे आणि त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. फिर्यादी कमाल सांगतो, बचाव किमान. प्रतवारीचा पुरावा नसेल तर सर्वसाधारण दर धरणे सुरक्षित. वजन कसे काढले ते सांगा. ‘४० पोती सोयाबीन’ म्हटल्यावर पोत्याचे वजन सांगावे लागते, नाहीतर क्विंटल निघत नाही. विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची केबल गेली, तर ती कापून भंगारात किती मिळाले हा आरोपीच्या फायद्याचा प्रश्न. चोरीआधी ती चालू केबल होती, तेव्हा किंमत वापरातल्या केबलची. किती मीटर, किती जाडी, किती जुनी, हे वायरमनकडून लिहून घ्या.

दुकानातला माल असेल तर छापील कमाल किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. दुकान ज्या दराने प्रत्यक्ष विकते तो दर धरा आणि त्या आठवड्यातली तशाच वस्तूची दोन-तीन विक्री बिले लावा. किती माल गेला ते दाखवायला आरंभीचा साठा, अधिक खरेदी, वजा विक्री, वजा शिल्लक, असा साधा ताळा पुरतो. पण साक्ष्य अधिनियमाचे कलम २८ सांगते की हिशेबाच्या वहीतल्या नोंदी एकट्याने कुणावर दायित्व टाकायला पुरत नाहीत, म्हणून साठा मोजणारा माणूस साक्षीला हवाच.

रोख रकमेची किंमत ती रक्कमच. प्रश्न असतो तो रक्कम होती का, याचा. बँकेतून काढल्याची नोंद, विक्रीचा कच्चा हिशेब, नोटांच्या किमतीनुसार संख्या हे लिहा.

तिसरी पायरी: कागद न्यायालयात वाचला जाईल असा ठेवणे

पावती हातात आहे म्हणून ती पुरावा होत नाही. दुकानदाराचा माणूस येऊन पावती आपल्या दुकानाची आहे असे सांगतो तेव्हा तिला निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्यातला क्रमांक, मिळतो. संगणकावरचे बिल, मोबाईलवरचा फोटो, सीसीटीव्ही चित्रण यांना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग यंत्र किंवा नोंद ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, ‘ब’ भाग तज्ज्ञ भरतो, आणि दोन्हींत हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंकी ठसा) येते. अर्धे प्रमाणपत्र म्हणजे प्रमाणपत्र नाही. वर्तमानपत्रात छापलेला सोन्याचा भावही असाच; त्या दिवशी त्या दराने विक्री करणारा सराफ आणि त्याचे बिल हा खरा आधार.

बराच त्रास नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३० वाचवते. कागदांची यादी दुसऱ्या बाजूला देऊन खरेपणा मान्य की अमान्य असे विचारता येते. मान्य झालेल्या पावतीसाठी दुकानदाराला तालुक्याच्या गावी दिवसभर बसवून ठेवावे लागत नाही.

सराफ किंवा इतर जाणकाराची सरतपासणी, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूने घ्यायची तपासणी, साधारण या क्रमाने घ्यावी: धंदा किती वर्षे करता, या प्रकारचा माल रोज हाताळता का, वस्तू कधी आणि कुणासमोर पाहिली, कशी तपासली, वजन किती, कोणत्या दिवसाचा दर लावला, तो दर कुठून घेतला, आणि सर्वांत शेवटी किंमत. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे तो विशेष जाणकार आहे हे आधी दिसले पाहिजे. किंमत पहिल्याच प्रश्नात विचारून मोकळे झाले की पाया नंतर भरता येत नाही.

फिर्यादीने स्वतःच्या वस्तूची किंमत सांगायला हरकत नाही. फक्त आधार सांगावा: काय दिले, केव्हा घेतली, कशी वापरली, तशीच वस्तू नंतर किती मध्ये घेतली. “मला वाटते” या दोन शब्दांनी त्या साक्षीचे वजन निम्मे होते.

बचाव कुठे हात घालतो

फिर्याद, पंचनामा, दाखला आणि दोषारोपपत्र यांतले चार आकडे समोरासमोर ठेवून. ते वेगळे असणे चूक नाही; वेगळे का आहेत हे कुणालाच सांगता न येणे ही चूक. फिर्यादीत गेलेल्या पाच वस्तूंची किंमत आणि पंचनाम्यात सापडलेल्या तीन वस्तूंची, असा फरक असेल तर तपासी अंमलदाराने एका तक्त्यात तो आधीच मांडून ठेवावा.

बचावाच्या वकिलांनाही एक सूचना. ५,००० च्या परंतुकाचा फायदा हवा असेल तर नुसती किंमत खाली आणून भागत नाही. माल परत झाला आहे किंवा किंमत भरली आहे, आणि आरोपीला आधी शिक्षा झालेली नाही, या दोन्ही गोष्टी नोंदीवर आणाव्या लागतात. तपासातच माल जप्त होऊन मालकाला मिळाला असेल तर तो आदेश आणि पावती दाखल करा. किंमत रेघेच्या खाली की वर याबद्दल वाजवी शंका उरली, तर ती आरोपीच्या बाजूने झुकते. सरकार पक्षाने हे गृहीत धरूनच तयारी करावी.

मुद्देमाल परत घेताना

दागिने आणि वाहने खटला संपेपर्यंत पोलीस ठाण्यात किंवा मुद्देमाल कारकुनाकडे पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सांगितले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने त्याला मुदती दिल्या: माल न्यायालयासमोर आल्यापासून १४ दिवसांत त्याचे वर्णनपत्र, छायाचित्रे किंवा चित्रण, आणि वर्णनपत्र झाल्यापासून ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. ही छायाचित्रे आणि वर्णनपत्र खटल्यात पुरावा म्हणून चालतात.

म्हणजे माल घरी गेल्यावर किमतीचा पुरावा त्या वर्णनपत्रावर उभा राहतो. मालक इथे घाई करतात, कारण त्यांना मंगळसूत्र परत हवे असते. परत घेण्याआधी वर्णनपत्रात एकूण आणि निव्वळ वजन, हॉलमार्कचा आकडा, एचयूआयडी आणि सराफाने सांगितलेली चोरीच्या दिवशीची किंमत आहे ना, हे वाचून मगच बंधपत्रावर सही करा. छायाचित्र दोन हवेत: एक पूर्ण दागिन्याचे, पट्टी शेजारी ठेवून, दुसरे हॉलमार्कचे अगदी जवळून, अंक वाचता येतील असे. आणि खटला संपेपर्यंत तो दागिना मोडू नका, वाढवू नका, त्याला नवे पेंडंट लावू नका. बंधपत्रात बहुधा न्यायालयाने बोलावल्यावर तो आहे तसा हजर करण्याची अट असते, आणि त्या दिवशी काट्यावर वजन पुन्हा एकदा होऊ शकते.